पाळी गेल्यावर हार्मोन घ्यायचे की नाही? स्तनाच्या कॅन्सरची भीती वाटते

हुरडा | ११ मे, रात्री १:२०

आज सोलापुरात ४३ अंश होतं. कूलर तोंडासमोर लावूनही आत्ता तिसऱ्यांदा गाऊन बदलून बसलेय. पण हे उन्हाचं नाही. छातीतून एक वाफ उठते, मानेवरून कानापर्यंत चढते, दोन मिनिटांत अंग ओलंचिंब होतं आणि मग एकदम थंडी वाजते. दिवसातून आठ-दहा वेळा, आणि रात्री तर मोजायचंच सोडून दिलंय.

वय ४८. पाळी जाऊन १४ महिने झाले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. गेल्या महिन्यात जीएसटीचा एकच आकडा चार वेळा चुकले. २३ वर्षांत माझे आकडे चुकले नव्हते. मालकांनी काही म्हटलं नाही, पण मी घरी येऊन रडले.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून एचआरटी, म्हणजे बाहेरून हार्मोन द्यायचा उपचार, सुचवलाय. इस्ट्रोजेनचं जेल रोज दंडाला लावायचं आणि रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल घ्यायची. ती चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्ये तशीच आहे. कारण माझ्या मावशीला ६१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ती बरी आहे, पण तिची केमो मी डोळ्यांनी पाहिलीय. जाऊबाई म्हणतात, हार्मोन घेणं म्हणजे कॅन्सरला आवतण देणं. मेडिकलवाल्या दादांनीही चिठ्ठी बघून विचारलं, "ताई, हे नक्की घ्यायचंय ना?"

नेटवर एके ठिकाणी लिहिलंय की धोका २६ टक्क्यांनी वाढतो. दुसरीकडे दुप्पट होतो म्हणतात, तिसरीकडे काहीच होत नाही. तिन्ही खरं कसं असेल? धीर हवा म्हणून लिहीत नाहीये. मला हे समजून घ्यायचंय.


जुळेसोलापूर | ११ मे, सकाळी ७:०५

मी सात महिने घेतल्या गोळ्या. पंधरा दिवसांत माणसात आले होते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला आणि त्याच रात्री सगळी पाकिटं कचऱ्यात टाकली. डॉक्टरांना विचारलंही नाही. पुन्हा सगळं जसंच्या तसं सुरू झालं, सांधेसुद्धा धरले. आता परत जायला लाज वाटते. हा धागा मी वाचत राहणार आहे.


कडकभाकरी | ११ मे, दुपारी ३:४०

हुरडा, मी मूळची शेळगीची, २००१ पासून इंग्लंडमध्ये नर्स आहे. तू वाचलेले तिन्ही आकडे खरे आहेत. गोंधळ होतो तो त्यामुळेच. प्रत्येक आकडा वेगळ्या बायकांचा आणि वेगळ्या औषधाचा आहे.

२६ टक्के हा आकडा अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीचा. गर्भपिशवी असलेल्या १६,६०८ बायकांपैकी काहींना इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) एकत्र असलेली गोळी दिली, बाकीच्यांना औषध नसलेली. जुलै २००२मध्ये हा भाग मध्येच थांबवला, कारण गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर जास्त दिसायला लागला होता.

दुप्पट हा आकडा इथला, २००३चा, 'मिलियन विमेन स्टडी'चा. त्यात दहा लाखांहून जास्त बायकांची माहिती होती. दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. मात्र ही चाचणी नव्हती. ज्या बायका आपणहून औषध घेत होत्या त्यांची ती पाहणी होती. अशा पाहणीत इतर कारणंही मिसळतात.

आणि "काही होत नाही" हे आलं अमेरिकेच्या त्याच चाचणीच्या दुसऱ्या भागातून. त्यात गर्भपिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या, त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं. हा भागही २००४मध्ये थांबवला, पण पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून. स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढला नव्हता, उलट थोडा कमीच होता. २०२०मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला तेव्हाही तसंच दिसलं.

तो जुलै मला आठवतो. वॉर्डातली आमची सिस्टर तेव्हा ५४ची होती. पेपर वाचून तिने पॅच सोलून डब्यात टाकला आणि पुढची कित्येक वर्षं नाइट ड्यूटीला पंखा घेऊन बसली. तिला कुणी बसवून नीट सांगितलंच नाही. पण भीती अगदीच निराधार होती असंही नाही. अमेरिकेत २००२नंतर बायकांनी गोळ्या धडाधड सोडल्या आणि २००३मध्ये तिथे स्तनाच्या कॅन्सरच्या नव्या केसेस सुमारे सात टक्क्यांनी घटल्या. जेवढं काही आहे, तेवढं खरंच आहे.


आकडेमोड | ११ मे, रात्री ९:१५

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. फक्त त्या २६ टक्क्यांबद्दल लिहिते, कारण तो आकडा ऐकून घाबरलेल्या माझ्या दोन बहिणी आहेत. दोघींनाही वाटलं, गोळी घेतली की शंभरातल्या २६ जणींना कॅन्सर होतो.

पार्क मैदानावर १०,००० बायका बसल्या आहेत असं समजा. कुणीच गोळी घेतली नाही तर त्या चाचणीच्या हिशेबाने वर्षभरात त्यातल्या ३० जणींना स्तनाचा कॅन्सर होईल. सगळ्यांनी ती गोळी घेतली तर ३८ जणींना. तिसाचे अडतीस, म्हणून २६ टक्के वाढ. मैदानाच्या मानाने पाहिलं तर दहा हजारांत वर्षाला आठ जणी जास्त.

आता हेच उलट बाजूने बघू, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. आठ हा आकडा एका वर्षाचा आहे. २०१९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५८ अभ्यासांची एकत्र मांडणी आली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या १,०८,६४७ बायका त्यात होत्या. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं घेतलं तर पुढच्या वीस वर्षांत, म्हणजे ६९पर्यंत, किती जास्त केसेस होतात ते त्यांनी काढलं. दोन्ही हार्मोन रोज घेणाऱ्यांत दर ५० जणींमागे एक जास्त. प्रोजेस्टिन महिन्यातले काही दिवसच घेतलं तर दर ७० जणींमागे एक. फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत दर २०० जणींमागे एक. शंभरातल्या साडेसहाच्या आत-बाहेर बायकांना तो तसाही होतोच, त्यावरची ही भर. औषध सोडलं तरी धोका लगेच शून्यावर येत नाही, दहा वर्षांहून जास्त काळ थोडा उरतो, हेही त्यात आहे.

हे आकडे पाश्चात्त्य बायकांचे. आपल्याकडे या वयातलं मुळातलं प्रमाणच बरंच कमी आहे, त्यामुळे त्यावरची भरही कमी पडेल. पन्नासात एक हा धोका मोठा की लहान, हे गणित सांगू शकत नाही. रात्र-रात्र जागणारीला तो लहान वाटेल, मावशीची केमो पाहिलेलीला मोठा. दोघींचंही बरोबर.


हुरडा | ११ मे, रात्री ११:५०

पार्क मैदानाचं उदाहरण छापून भिंतीला लावावंसं वाटतंय. पण एक कळलं नाही. फक्त इस्ट्रोजेनने धोका इतका कमी, तर मला कॅप्सूल कशाला दिली? नुसतं जेल नको का?


नीलकमळ | १२ मे, रात्री १०:३०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, सोलापुरातच २२ वर्षं. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, ते समोर बसवून तपासूनच द्यायचं असतं. पण हुरडाताईंचा प्रश्न अगदी मुळावरचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅप्सूल तुमच्या गर्भपिशवीसाठी आहे. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर पिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत एके काळी बायकांना सर्रास नुसतं इस्ट्रोजेन द्यायचे, १९७५मध्ये हे उघड झालं. तेव्हापासून पिशवी असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यायचंच. म्हणून "जेल चालतं, कॅप्सूल नको" असं मनाने करू नका. पिशवी काढलेल्या बाईला मात्र ते लागत नाही, आणि स्तनाचा बराचसा धोका या जोडीदार हार्मोनमुळेच येतो. त्यामुळे माझ्याकडे कुणी आली की पहिला प्रश्न हाच: पिशवी आहे का?

दुसरा प्रश्न, पाळी जाऊन किती वर्षं झाली? २००२च्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन बारा-चौदा वर्षं झालेल्या बाईला नव्याने हार्मोन सुरू करणं आणि ४८व्या वर्षी वाफांनी हैराण झालेलीला देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हृदयाच्या आणि रक्ताच्या गुठळ्यांच्या बाबतीत हिशेब बराच अनुकूल असतो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७लाच जाते, तिकडे ५१ला. म्हणजे आपल्या बायका हार्मोनविना चार-पाच वर्षं जास्त काढतात. हाडांना ते भोवतं.

तिसरा, औषध कोणतं? त्या चाचणीतलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं होतं आणि प्रोजेस्टिन कृत्रिम. तुमच्या चिठ्ठीवरचं प्रोजेस्टेरॉन शरीरातल्यासारखं, ज्याला आम्ही मायक्रोनाइज्ड म्हणतो, ते असावं. फ्रान्समधल्या ई-थ्री-एन या मोठ्या पाहणीत त्याने स्तनाचा धोका वाढलेला दिसला नाही. पुढे पाच वर्षांपेक्षा जास्त घेणाऱ्यांत तिथेही थोडी वाढ दिसली. म्हणजे जुन्या गोळीपेक्षा बरं, पण बिनधोक म्हणणार नाही. जेलचा फायदा असा की ते कातडीतून जातं, त्यामुळे गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाच्या बाबतीत मात्र जेल आणि गोळीत फारसा फरक नाही. पेशंटना वाटतं, वरून लावायचं म्हणजे पोटात जात नाही, म्हणून निर्धोक. तसं नाही.

आपल्याकडे टिबोलोन नावाची गोळीही बरीच दिली जाते. तिला "हार्मोन नाही" म्हणून देणारेही भेटतात. ती हार्मोनसारखंच काम करते. इंग्लंडच्या २००३च्या पाहणीत तिच्यामुळेही धोका वाढलेला होता.

मावशींबद्दल. एकाच मावशीला साठीनंतर झाला, एवढ्यावरून मी तुम्हाला नाही म्हणणार नाही. आई, बहीण किंवा मुलीला चाळिशी-पंचेचाळिशीत झाला असता, एकाच बाजूच्या दोघी-तिघींना झाला असता किंवा घरात ओव्हरीचा (अंडाशयाचा) कॅन्सर असता, तर आधी बीआरसीए जनुकाची तपासणी करायला सांगितली असती. त्या जनुकातल्या बिघाडाने हे दोन्ही कॅन्सर घराण्यात येऊ शकतात. आईकडच्या आणि वडिलांकडच्या बायकांची नीट विचारपूस करा. आपल्याकडे "पोटाच्या आजाराने गेली" एवढंच सांगतात, त्यामागे काय होतं ते विचारा.

सुरू करण्याआधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घ्या. एकत्रित हार्मोनने स्तनाची घनता वाढते आणि नंतरची मॅमोग्राफी वाचायला अवघड जाते, म्हणून आधीचा फोटो हाताशी हवा. स्वतःला कॅन्सर होऊन गेला असेल, कारण न समजलेला रक्तस्राव असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात झालेला असेल किंवा लिव्हरचा आजार चालू असेल, तर मी देत नाही.


पूर्वभागातली | १३ मे, दुपारी २:१०

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या घरी तेलुगू, त्यामुळे मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

अम्मा बिडी वळायची, मीही लग्नाआधी वळल्या. ३६व्या वर्षी मला अंगावरून फार जायला लागलं. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. मुलं लहान होती. कॅन्सर म्हटल्यावर कोण विचारतंय? चार दिवसांत ऑपरेशन झालं. माझी पिशवी काढली एवढंच मला माहीत.

तिसऱ्या आठवड्यापासून तुम्ही लिहिताय तशा वाफा सुरू झाल्या. मला वाटलं, ऑपरेशनची उष्णता. सासूबाई सब्जाचं पाणी द्यायच्या. अंगाची आग, चिडचिड, नवऱ्याजवळ जायला नको वाटायचं, फार दुखायचं. हे कुणाला सांगणार? दहा वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी डेक्सा करायला लावली, हाडं किती भरीव आहेत ते बघायची तपासणी. म्हणाले, तुमची हाडं पासष्टीच्या बाईसारखी झालीत. मी ४६ची आहे. त्यांनीच ऑपरेशनचा कागद मागितला. त्यावर लिहिलं होतं की दोन्ही ओव्हऱ्याही काढल्या. त्या दिवशी मला हे कळलं.

नीलकमळ मॅडम, मला कुणी हार्मोन दिलेच नाहीत. आता उशीर झाला का? आणि घेतले तर मला स्तनाचा कॅन्सर होईल का?


नीलकमळ | १३ मे, रात्री ११:००

ताई, तुमचं मराठी उत्तम आहे. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं आणि ओपीडीतल्या कितीतरी जणी आठवल्या.

आजपर्यंत या धाग्यावर जी आकडेमोड झाली ती तुम्हाला लागू नाही. त्या बायकांच्या शरीरातले हार्मोन वयानुसार संपले होते आणि त्यावर वरून दिले. तुमचे ३६व्या वर्षी ओव्हऱ्यांबरोबर एका दिवसात काढून घेतले. तुम्हाला द्यायचे ते पन्नाशीपर्यंत शरीरात असायलाच हवे होते, तेवढेच भरून द्यायचे. ओव्हऱ्या पंचेचाळिशीच्या आत काढल्या असतील तर, दुसरी अडचण नसल्यास, पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असंच जगभरातले तज्ज्ञ सांगतात. न दिल्याने हाडं आणि हृदय दोन्ही झिजतात. आणि तुम्हाला पिशवी नाही, म्हणजे नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, ज्यात स्तनाचा धोका सगळ्यात कमी.

४६ म्हणजे उशीर नाही. डेक्साचा रिपोर्ट आणि ऑपरेशनचा कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सर्वोपचार रुग्णालयातही हा विभाग आहे. दुखण्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. योनीमार्गात लावायची कमी ताकदीची इस्ट्रोजेनची क्रीम असते. तिचं हार्मोन रक्तात नगण्य उतरतं आणि त्या २०१९च्या मांडणीतही तिने स्तनाचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. वारंवार लघवीला जळजळ होत असेल तर तीही बऱ्याचदा कमी होते. एका क्रीमसाठी बायका दहा-दहा वर्षं सोसतात.

हे सगळ्यांसाठी: २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आपला जिल्हाही उसाचाच. ज्यांची पिशवी काढलीय त्यांनी ओव्हऱ्या ठेवल्या की काढल्या, हे कागदावर आधी बघा. कागद नसेल तर दवाखान्यातून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.


बार्शीकर | १४ मे, सकाळी ६:३०

बायकांच्या धाग्यावर पुरुषाने लिहावं की नाही, यावर रात्रभर विचार केला. पण ज्यांना हार्मोन घेताच येत नाहीत त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

माझ्या पत्नीला ५१व्या वर्षी स्तनात गाठ लागली. उपचार इथेच, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये झाले. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७मध्ये बार्शीतच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांतून ती होते.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि कॅन्सर उलटू नये म्हणून टॅमॉक्सिफेन हे औषध सुरू झालं. मग वाफा सुरू झाल्या, हुरडाताईंनी लिहिल्यात तशाच. तिचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा होता, म्हणून हार्मोनचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. स्वीडनमध्ये कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना हार्मोन देऊन पाहायची एक चाचणी झाली होती, ती २००३च्या अखेरीस थांबवावी लागली. आजार उलटणाऱ्या बायका जास्त निघाल्या.

आमची एक चूक सांगतो, ती दुसऱ्या कुणाची होऊ नये. वाफांसाठी हार्मोन नसलेल्या गोळ्या मिळतात असं कळलं म्हणून मी ओळखीच्या डॉक्टरांकडून पॅरॉक्सेटिन आणलं. टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या तपासणीला कॅन्सरच्या डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे बंद केलं. टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे रूपांतर व्हावं लागतं ते पॅरॉक्सेटिन अडवतं. वाफा कमी करायला जाऊन मी तिच्या कॅन्सरच्या औषधाची धार घालवत होतो. त्याऐवजी त्यांनी व्हेन्लाफॅक्सिन दिलं. वाफा निम्म्यावर आल्या, झोप लागायला लागली.

अजून एक. तिची गाठ आधी मॅमोग्राफीत दिसली नाही, एका आरोग्यसेविकेच्या हाताला लागली. हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा हॉस्पिटलने मुंबईत दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं हाच अभ्यास केला, तो २०२१मध्ये आला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं तर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.


मंगळवारपेठ | १४ मे, दुपारी १२:२०

बार्शीकर दादा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. माझा साधा प्रश्न. शतावरी किंवा सोयाबीन घेतलं तर? आमच्या ओळखीत सगळ्या तेच घेतात. त्याने कॅन्सर नाही ना होत?


कडकभाकरी | १४ मे, संध्याकाळी ५:००

सोयाबीन जेवणात खा, भाजी कर, पिठात मिसळ, त्याने काही बिघडत नाही. वाफांवर फरक पडला तर थोडासाच पडतो. अर्क काढून केलेल्या महागड्या गोळ्या मात्र वेगळ्या, त्यात नेमकं किती आहे ते आपल्याला दिसत नाही. कॅन्सर होऊन गेला असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुठलीच झाडपाल्याची गोळी घ्यायची नाही.

वजनाबद्दल कुणी बोललंच नाही. इथे आम्ही पेशंटना एक तक्ता दाखवतो. ५० ते ५९ वयातल्या १,००० बायकांत पाच वर्षांत साधारण २३ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. एकत्रित हार्मोनने त्यात चारची भर पडते. लठ्ठपणाने चोवीसची. आठवड्याला अडीच तास भराभर चाललं तर सात कमी होतात. म्हणजे हार्मोनला घाबरणाऱ्या आपण बायका वजनाला मुळीच घाबरत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने पहाटे चालत जा ना गं सगळ्या. मला इथून ते जमत नाही.


जुळेसोलापूर | १५ मे, सकाळी ८:१५

आता नवीनच मेसेज आलाय. अमेरिकेने हार्मोनवरचा कॅन्सरचा इशारा काढून टाकला, म्हणजे सगळं सुरक्षित. हे खरं का?


नीलकमळ | १५ मे, रात्री १०:४५

बातमी खरी, अर्थ चुकीचा. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हार्मोनच्या वेष्टनावरचे हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाचे ठळक चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, तो इशारा ठेवलाय. योनीमार्गातल्या एवढ्याशा क्रीमच्या डबीवरही आजवर तीच भीतिदायक चौकट असायची आणि ती वाचून माझ्या कितीतरी पेशंटनी क्रीम परत केली. ती गेली याचा मला आनंद आहे. पण चौकट गेली म्हणून तुमच्या माझ्या स्तनातल्या पेशी बदलल्या नाहीत. वरचे आकडे तेच आहेत.

आणि तुम्ही परत जा. लाज कसली? अर्धवट सोडून परत येणाऱ्या माझ्याकडे रोज असतात. इतकी वर्षं हे समजावून सांगायला आम्ही डॉक्टर कमी पडलो, म्हणून त्या मेसेजवर विश्वास ठेवावा लागला.


हुरडा | ६ जून, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय, कारण बरंच काही घडलं.

मॅमोग्राफी झाली, स्वच्छ आली. मग नीलकमळ मॅडमनी सांगितलेली विचारपूस करायला मावशीकडे गेले. तिने तिची फाइल स्टीलच्या डब्यात, साड्यांच्या खाली जपून ठेवलीय. म्हणाली, "इतक्या वर्षांत घरातल्या एकीनेही मागितली नाही बघ." आम्ही दोघींनी जमिनीवर बसून एकेक कागद वाचला. मग मी आजीचं विचारलं. म्हणजे तिची आणि माझ्या आईची आई. मला एवढंच माहीत होतं की ती लवकर गेली. मावशी म्हणाली, ५२व्या वर्षी. पोटात पाणी भरायचं, दोनदा काढलं, तिसऱ्यांदा सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ओव्हरीत गाठ आहे आणि पसरलीय.

हे ऐकलं आणि घरी येऊन चिठ्ठी पर्समधून काढून कपाटात ठेवली.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, जेल-कॅप्सूल तूर्त थांबवू, आधी बीआरसीएची रक्ततपासणी. आणि ती माझी नाही, आधी मावशीची, कारण आजार तिला झालाय. तिच्यात काही सापडलं तर मग आई, मग मी आणि माझी मुलगी. नाही सापडलं तर हार्मोनचं पुन्हा बोलू. जनुक सापडलं तरी हार्मोनचं दार कायमचं बंद असं नसतं म्हणाल्या, पण तेव्हाचा विचार वेगळा असेल. तोपर्यंत व्हेन्लाफॅक्सिन दिलंय, अगदी कमी ताकदीचं. बार्शीकर दादा, तुमच्यामुळे ते नाव ऐकून दचकले नाही. वाफा अजून येतात, पण काल सलग पाच तास झोपले.

मावशीला रक्त द्यायचं विचारायला मला फार जड गेलं. ६९ वर्षांची बाई, सगळं भोगून झालेलं, आता पुन्हा तिला सुई टोचायची ती आमच्यासाठी. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. म्हणाली, "आत्ता जायचं का?"

बुधवारी जायचंय आम्हाला.


पूर्वभागातली | ७ जून, सकाळी ६:५०

हुरडाताई, बुधवारी मीही तिकडेच असेन. मला जेल सुरू होऊन नऊ दिवस झाले, हाडाची गोळी पण आहे. मावशींसाठी घरून ताक घेऊन येते, ऊन फार आहे.